नोंद दोनशे बारा, ऊर्फ तांबडवाडीच्या पट्ट्याची मोहीम

जगातील समस्त जुन्या वस्तू, ज्या माळ्यावर, परसात, गोठ्यात आणि कोनाड्यात आपापल्या जागी गुमान पडून आहेत व कोणी विचारील तेव्हाच बोलू म्हणून बसल्या आहेत, त्यांस प्रथम वंदन असो. त्यांच्यावरील धूळ झाडणाऱ्यांस दुसरे वंदन असो. यानंतर, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन वद्य नवमी, रविवारी, पाटोदा तालुका इतिहास व वारसा मंडळाने मौजे तांबडवाडीवर जी मोहीम केली तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर मिठापुरते.

पाटोद्यास बाजारतळाच्या उगवतीस कापसाची एक जुनी वखार आहे, तिच्या माडीवर मंडळाची राजधानी. राजधानीस एक दार, दोन खिडक्या, तीन कपाटे आणि एक पंखा, तो मर्जी असेल तेव्हा फिरे. खजिन्यात दोनशे अकरा वस्तू. त्यांत घोड्याच्या खोगिराची एक रिकीब, दोन दौती, निजामी अमलातले उर्दू दाखले सतरा, शेर-मापट्यांची उतरंड, किल्ली हरवलेले कुलूप एक, कुलपे हरवलेल्या किल्ल्या अकरा, आणि कोण्या हौशी गृहस्थाने जन्मभर जपलेले रेल्वेचे वेळापत्रक, जरी पाटोद्यास रेल्वे आजतागायत पावली नाही. हरएक वस्तूस दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, आणि सगळ्या चिठ्ठ्यांवरचे अक्षर एकाच हातचे. तो हात कचरू मास्तरांचा.

कचरू मास्तर मंडळाचे चिटणीस. मूळचे तांबडवाडीच्या बौद्धवाड्यातले, शाळामास्तरकी करून निवृत्त जाहले, आणि मग सायकलीवर टांग टाकून तालुक्यातली गावे धुंडाळीत हिंडू लागले, आणि जेथे चहा मिळेल तेथे बसून जुने काय आहे ते विचारू लागले. त्यांचा कायदा एकच होता. ज्या वस्तूची छाप किंवा तसबीर हाती नाही, तिजविषयी चारचौघांत अवाक्षर बोलू नये, आणि सूची छापावयाची वेळ आली तर त्या नोंदीवर 'रद्द' असा शिक्का मारावा, मग ती नोंद कोणाचीही असो. हा कायदा त्यांनी भल्याभल्यांच्या पणजोबांच्या तलवारींस लावला होता आणि पुष्कळ शत्रू जोडिले होते.

मास्तर पौषात वारले. त्यांची कन्या चैताली अंबाजोगाईस महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. तिने वडिलांची खुर्ची घेतली नाही, पिशवी घेतली, आणि दर रविवारी एसटीने पाटोद्यास येऊन सूचीचे काम पुढे चालविले. खुर्ची टेबलामागे तशीच राहिली. तिच्यावर कोणी बसत नसे, आणि बसू नका असेही कोणी म्हणत नसे.

ऐसे असता सूची पुरी होत आली, छापखान्याने सोमवारचा वायदा दिला, म्हणून चैताली या खेपेस शनिवारीच आली, आणि दुपारी मास्तरांच्या नोंदवहीचे शेवटचे पान उघडले तो त्यावर एक नोंद अधिक निघाली. क्रमांक दोनशे बारा. वस्तू कपाटात नाही, चिठ्ठी नाही, छाप नाही, आणि नोंद मोडीत. मास्तरांस सवय होती, हात गंजू नये म्हणून कच्चे टिपण त्या जुन्या वळणाच्या लिपीत करावे आणि मग बाळबोधीत, म्हणजे साध्या देवनागरीत, उतरून काढावे. हे एक टिपण उतरावयाचे राहिले. चैतालीस मोडी येत नव्हती. पुढल्या सुटीत शिकू, असे तिने वडिलांस सहा वर्षे सांगितले होते.

मंडळात मोडी येणारे आता एकच उरले, ते अध्यक्ष राजश्री धर्मराज आबा, माजी ग्रामसेवक, मिशा भरघोस, आवाज पहाडी. आबांनी दहा दिवसांच्या शिबिरात मोडी हस्तगत केली होती आणि तिचे प्रमाणपत्र चौकटीत घालून टांगले होते. त्यांचे एकच दुःख होते की, दोनशे अकरा वस्तूंत हत्यार म्हणून एक नाही. एवढ्या मोठ्या मुलखात एखादी कट्यारही आपल्या नशिबी असू नये, याचा खेद त्यांस दर बैठकीस होत असे. त्यांनी चष्मा पुसला, वही उजेडास धरिली आणि वाचू लागले, ते येणेप्रमाणे. तांबडवाडी. चतुराबाई यांजकडे पट्टा एक. धुतल्यावर उभा ठेवितात. पाठीवर नाव, ओळी तीन. हलवू नये. छाप घेणे.

पट्टा हा शब्द उच्चारिला मात्र, आबांच्या अंगावर मूठभर मांस चढले. पट्टा म्हणजे दोन हात लांब पात्याचे, कोपरापर्यंत मूठ असलेले, मर्दाने फिरवावयाचे हत्यार. पाठीवर नाव म्हणजे पात्याच्या पाठीवर कोण्या सरदाराचे नाव. धुतल्यावर उभा ठेवितात म्हणजे दसऱ्यास शस्त्रपूजा होते. हलवू नये म्हणजे धार अजून शाबूत आहे. येणेप्रमाणे आबांनी तीन ओळींतून एक सरदार, एक लढाई आणि सूचीचे मुखपृष्ठ उभे केले, आणि तेथेच फर्मान सोडिले की, उद्या रविवारी प्रातःकाळी तांबडवाडीवर कूच करावे, पट्टा हस्तगत करावा, छाप व तसबीर घ्यावी, आणि सोमवारी छापखाना गाठावा. न साधल्यास मास्तरांच्याच कायद्याने दोनशे बारा रद्द.

चैतालीने मान डोलाविली. तिच्या मनात दोन गोष्टी आल्या. एक, की तिच्या वडिलांस जन्मात कलिंगड सरळ कापता आले नाही, त्यांनी पट्ट्याची नोंद इतक्या थंडपणे केली हे नवल. दुसरी, की त्या वहीत त्यांच्या हातचे अखेरचे जे लिहिणे, त्यावर उद्या आपण आपल्या हाताने शिक्का मारावयाचा. कायदा त्यांचा, मोडता येत नाही. नोंद त्यांची, सोडता येत नाही. या कात्रीत ती रात्रभर पाटोद्यातल्या आपल्या मावशीच्या घरी जागी राहिली, आणि सकाळी कोणास काही न बोलता तयार होऊन वखारीपाशी आली.

आता फौजेचा तपशील. अध्यक्ष, बिनीवर. चैताली, दफ्तर व छापेचे साहित्य सांभाळून. गजदळात हत्ती एक, तोही छोटा. बाजारात भाजी वाहणाऱ्या ज्या चारचाकी गाडीस लोक छोटा हत्ती म्हणतात ती ही, आणि तिचा माहूत आसाराम, मंडळाचा आजीव सभासद. सरंजामात पट्टा गुंडाळावयास लाल मखमल अडीच हात, एक हार, दोन नारळ, पाण्याचा जार आणि आबांची चौकट, कोणी अधिकार विचारल्यास दाखवावयास. पुढे तिघे बसले, आणि आबा मध्ये बसल्याने गियर टाकावयाचा तर प्रत्येक वेळी आबांची परवानगी घ्यावी लागे.

मग मजल दरमजल करीत निघाले. दोन कोसांवर मेंढरांचे मोठे दळ आडवे आले, ते हटेना, आणि आसारामाने भोंगा वाजविला तो मेंढरे गाडीभोवती अधिकच गोळा जाहली. त्या वेढ्यात एक घटका गेली. पुढे रस्त्याचे काम चालू, तेथे वळसा घेऊन नदीच्या कोरड्या पात्रातून जावे लागले, आणि आबा म्हणाले की, पूर्वीच्या फौजाही अशाच पात्रातून उतरत. आसाराम म्हणाला, "उतरत असतील आबा. पर त्यांच्या हत्तीला पाटे नव्हते. माझे तुटले तर तुमच्या त्या सरदाराला बोलवा." गाडीच्या चाकांवरील लोखंडी पट्ट्यांस तो पाटे म्हणत होता. चैतालीने हे ऐकिले आणि त्यात काही विशेष आहे असे तिला त्या समयी वाटले नाही.

सूर्य कासराभर वर आला तेव्हा तांबडवाडी दिसो लागली. शिवेवर ढासळलेली एक बारव आहे, पायऱ्या उतरून पाण्याशी जावे अशी जुनी दगडी विहीर. तिच्याकडे पाहून चैतालीने गाडी थांबवू नका म्हणून सांगितले. वडिलांनी ती बारव तिला लहानपणी एकदाच दाखविली होती. आपली आई या वरच्या पायरीवर घागर घेऊन उभी राहत असे, गावातले कोणी येऊन वरून पाणी ओतीपर्यंत, खाली उतरावयाची मनाई होती, इतके सांगून ते सायकल घेऊन पुढे चालू लागले होते.

चतुराबाईंचे घर गावात, पांढरीच्या म्हणजे गावठाणाच्या कडेला. बाई सत्तरीच्या, अंगाने काटक, डोळा तीक्ष्ण. मुलगा बजरंग आणि सून ऊसतोडीस गेलेली, पाडव्यास परत यावयाची, तोवर घराची किल्लेदारी यांच्याकडे. फौज दारी उभी राहिली, हार आणि नारळ पाहून त्यांनी आधी विचारिले की, निवडणूक लागली का. आबांनी घसा साफ करून मंडळाची सनद सांगितली, आणि आपल्या घराण्यातील पट्टा मंडळाच्या दर्शनार्थ बाहेर काढावा, अशी विनंती रुजू केली.

बाई बुचकळ्यात पडल्या. मग बोलिल्या, "पट्टा? बैलाच्या गळ्यात व्हता एक घुंगराचा. बैल इकला, त्याच्यासंगं दिला."

"तसा नव्हे. हत्यार. जुनं."

"हत्यार मंजी इळा हाय, खुरपं हाय. सुनेचे दोन कोयते व्हते, ते तिनं नेले तोडीला. तुमाला कशाला पायजे? पाटोद्यात मिळना का?"

आबांनी माळ्याकडे नजर टाकिली आणि आढ्याकडे टाकिली, आणि आपण स्वतः पाहणी करावी काय म्हणून पृच्छा केली. बाई म्हणाल्या, खुशाल बगा, फकस्त माळ्यावर कणगीमागं मांजर व्यालंय, तिकडं हात घालू नका. मग आबा आणि आसाराम माळ्यावर चढले, तेथे एक मोडका नांगर, दोन गोधड्या आणि बजरंगाच्या लग्नातली बाशिंगे हाती आली. हत्यार म्हणून मांजरीनेच एक वार केला, तो आबांच्या उजव्या मनगटावर बसला.

इकडे चतुराबाईंनी चैतालीस न्याहाळून पाहिले. "तू मास्तराची लेक न्हवं? नाक त्याचंच हाय. बस. लई वाईट झालं. पाडव्याला येतो म्हणले व्हते ते, आन मंग कळलं की गेले." मग चहा ठेविला आणि ठेविता ठेविता सांगितले, "महिन्यातनं एक फेरी असायची त्यांची. हितंच बसायचे, त्या भिताडाकडं तोंड करून. च्या संपला तरी उठायचे न्हाईत. मला वाटायचं माझा च्या लई आवडतोय."

चैतालीने भिंतीकडे पाहिले. भिंत शेणाने सारवलेली, रिकामी. तिच्या बुडाशी जमिनीत एक ओला चौकोन होता, जसे काही जड तेथून नुकतेच उचलून नेले असावे.

एवढ्यात परसातून एका पुरुषाचा आवाज आला, "मावशे, या दगडाच्या पाठीवर कुणीतरी आधीच घाव घातल्यात. वाकडंतिकडं नुसतं. समदं घासून सपाट करतो, मंग टाकी लावतो."

हा अभिमन्यू पाथरवट. घरोघर फिरून पाट्या-वरवंट्यास टाकी लावणे हा त्याचा धंदा. पाटा वाटून वाटून गुळगुळीत जाहला म्हणजे त्यावर मसाला सरकतो, वाटला जात नाही, तेव्हा छिन्नीने टोचे मारून तो पुन्हा खरखरीत करावा लागतो, आणि वरचे अंग फारच झिजले तर पाटा उलटा करून पाठीस टाकी लावितात. पाडव्यास मुलगा-सून येणार, पुरण वाटावयाचे, म्हणून बाईंनी त्याला याच दिवशी बोलाविले होते.

चैतालीच्या कानी पाठ हा शब्द पडला. पाठीवर नाव. धुतल्यावर उभा ठेवितात. कोणी पट्टा धुऊन भिंतीस उभा करीत नाही. पाटा करितात, तिच्या आईने रोज केला होता. तिने चहाची कपबशी खाली ठेविली की टाकिली याविषयी दोन मते आहेत, परंतु ती परसात पावली तेव्हा अभिमन्यूचा हातोडा वर गेलेला होता आणि समजावून सांगावयास अवकाश नव्हता. मग तिने जे केले ते मोठमोठ्या सेनानींसही सुचले नसते. ती जाऊन पाट्यावर बसली.

अभिमन्यूचा हात हवेत राहिला. तो म्हणाला, "ताई, इस वर्सं झाली हा धंदा करतो. पाट्यावर माणूस टाकी लावायला कदी आलं न्हाई."

चतुराबाई दारात येऊन थबकल्या. "अगं बाय, उठ. पाट्यावर बसतेत का? अन्नपूर्णा हाय ती."

"उठते, मावशी. आधी यांना छिन्नी खाली ठेवायला सांगा."

"कावून?"

"माझे वडील तुमच्या चहासाठी येत नव्हते."

छिन्नी खाली ठेविली गेली. तोवर आबा आणि आसाराम माळ्यावरून उतरून परसात दाखल जाहले होते, आणि चैतालीने पिशवीतून नोंदवही काढून आबांपुढे धरिली, आणि पट्टा म्हणून वाचलेल्या शब्दातल्या प पुढे शाईचा जो ठिपका आबांनी डाग म्हणून सोडून दिला होता त्यावर बोट ठेविले. आबांनी पाहिले, चष्मा काढिला, पुसला, पुन्हा पाहिले. तो डाग नव्हता, काना होता. मोडीत जोडाक्षर एकेरीच लिहिण्याची चाल, म्हणून पटा दिसले तेथे त्यांनी पट्टा केला होता. एका कान्यापायी पाट्याचा पट्टा जाहला आणि पट्ट्याचा सरदार. मनगटावर मांजरीचा वार होता तो आबांनी बाहीखाली घेतला.

आसाराम म्हणाला, "आबा, मखमल आणलीया. पाट्याला गुंडाळू का तुमच्या चौकटीला?"

"गप बे," आबा म्हणाले. मग चैतालीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, मी आणखी दोन दिवस शिबिराला बसायला पाहिजे होतं." हे त्यांच्या कारकिर्दीतले पहिले माफीपत्र, सबब येथे नोंदिले.

मग पाटा धुतला. कडेस सुकलेली हळद, मिरचीचे बी, मातीचा थर, सर्व केरसुणीच्या बुडख्याने काढिले. अक्षरे झिजलेली होती, नुसत्या डोळ्यास दगडाच्या सुरकुत्याच वाटत. तेव्हा चैतालीने ज्वारीचे मूठभर पीठ मागितले आणि दगडावर पसरून तळहाताने हलकेच पुसले. पीठ खोलगटात राहिले, वरचे निघून गेले, आणि काळ्या दगडावर पांढऱ्या ओळी उमटल्या. या वेळी लिपी बाळबोध होती. त्या ओळी चैतालीनेच वाचिल्या. शके १६९१ विरोधी नाम सवछरे. बारव बांधिली. सिदनाक वलद म्हाळनाक.

खालचा कोपरा खडबडीत आणि फुटका, तेथे पीठ सगळीकडेच बसले आणि काही दिसेना. मास्तरांनी लिहिल्याप्रमाणे ओळी तीन.

आसारामाने विचारिले, "वलद मंजी लेक, ते कळलं. नाक मंजी?"

आबा खाली दगडाशेजारी मातीत बसले आणि बसूनच बोलिले. त्यांनी सांगितले की, दोन-तीनशे वर्षांमागल्या कागदांत वेशीबाहेरच्या वाड्यातल्या पुरुषांच्या नावांपुढे नाक लावलेले सापडते. सिदू म्हणजे सिदनाक, म्हाळू म्हणजे म्हाळनाक. तीच वस्ती पुढे छप्पन्न सालानंतर बौद्धवाडा जाहली. म्हणजे शिवेवरची ती बारव, गावाने आजवर कोण्या सावकाराची म्हटली, कोण्या देशमुखाची म्हटली, ती कचरू मास्तरांच्या वाड्यातल्या माणसाने बांधिली होती.

चतुराबाईंनी पदराने हात पुसले, ते कोरडेच होते.

"बारवेची एक बाजू पडली तवा माझ्या सासऱ्यानं ह्यो दगड गाडीत घालून आणला," त्या म्हणाल्या. "सपाट हाय, पाटा व्हईल म्हणले. मंग सासू माझी बारवेवर पाणी वतायची. वरनं. मास्तराची आई घागर धरून हुबी असायची, पायरीवर. सासूला ताप आला तवा दोन येळा म्या बी वतलं. नवीन नवरी व्हते. ज्यानं बांधली त्याच्याच लेकरास्नी वरनं पाणी. आन दगड माझ्या घरात. पन्नास वर्सं त्याच्यावर चटणी वाटली म्या. मास्तरानं एका शब्दानं सांगितलं न्हाई मला."

"छाप घेतल्याशिवाय बोलायचे नाहीत ते," चैताली म्हणाली. "कुणाशीच. घरी आम्हालाही नाही."

"मंग घे की छाप. बगत काय बसलीस?"

येथे मोहिमेस नवे संकट आले. छापेची रीत अशी की, ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशाने ठोकून अक्षरांत बसवावा, आणि मग कापडी बोंड शाईत बुडवून वरून टिपत जावे, म्हणजे खोलगट अक्षरे कोरी राहतात आणि बाकी कागद रंगतो. चैतालीने वडिलांची शाईची बाटली काढिली, तिचे झाकण उघडले, आणि चतुराबाईंनी तो वास घेऊन आडवा हात घातला. कागदातून एक थेंब पाझरला तरी हे काळे पाडव्याच्या पुरणात उतरणार, लेक-सून सहा महिन्यांनी घरी येणार, त्यांच्या पोटात शाई घालणार नाही. पाटा हा पाटा आहे. त्यावर जे पडेल ते खाण्याजोगेच पडेल, असे त्यांचे फर्मान जाहले, आणि त्यावर अपील नव्हते.

आबांनी काजळी सुचविली, ती नामंजूर. आसारामाने चहापत्ती सुचविली, तिने कागदच भिजून फाटला. असे दोन हल्ले वाया गेले, कागद दोनच उरले, आणि ऊन चढू लागले. तेव्हा चैतालीने विचारिले, मावशी, हळद चालेल?

"हळदीला कोण न्हाई म्हणतंय."

मग खुद्द चतुराबाईंनी हळद कालविली, दाट, थोड्या तेलात, आणि अभिमन्यूने, ज्याच्या हाती दगडाची नाडी, कागद ठोकून बसविला, असा की प्रत्येक टोचा कागदावर उठावा. चैतालीने बोंड धरिले. पिवळ्या कागदात पांढरी अक्षरे एक एक करून वर येऊ लागली. सिदनाक आला, मग वलद, मग म्हाळनाक. चैताली थांबणार होती, ओळी तीनच. परंतु बोंडात हळद उरली होती आणि चतुराबाई म्हणाल्या, आता कालवलीया तर कोपरा तरी कशाला उघडा ठेवतीस. तेव्हा तिने फुटक्या कोपऱ्यावरूनही टिपले. आणि जेथे पिठाने काही सांगितले नव्हते, डोळ्याने काही सांगितले नव्हते, तेथे कागदावर दोन शब्द उठले.

पाणी सर्वांस.

आबांनी वाचिले, आसारामाने वाचिले, अभिमन्यूस वाचता येत नव्हते म्हणून चैतालीने त्याला वाचून दाखविले. चतुराबाईंनी दोनदा वाचावयास लाविले. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, त्यांना काही शोधावयाचे नसतानाही.

कागद दोरीवर वाळत घातला, आणि सावलीस बसून तह ठरला. आबांची इच्छा होती की पाटा मखमलीत घालून पाटोद्यास न्यावा, काचेच्या पेटीत ठेवावा, बाईंस नवा पाटा आणून द्यावा. चैतालीने वहीतले दोन शब्द दाखविले, हलवू नये. आबा म्हणाले, हे शब्द मला तेव्हाही समजले नव्हते. मग तहाची कलमे जाहली ती अशी की, पाटा चतुराबाईंच्या घरीच राहावा आणि वापरात राहावा, वरच्या अंगासच हलकी टाकी लावावी, पाठीस कोणी कधी छिन्नी लावू नये, आणि वरचे अंग अगदीच गेले तर मंडळाने दुसरा पाटा द्यावा, परंतु हा तेथून उचलू नये. अभिमन्यूने शपथेवर सांगितले की वरच्या अंगात अजून पाच वर्षांचे पुरण आहे. तांबडा रंग लावून क्रमांक घालण्यास बाईंनी मना केले, सबब त्याने बाजूच्या कडेवर, चैतालीने आखून दिले तसे, छिन्नीनेच २१२ कोरले, आणि आपण कोरलेले आकडे कोणते हे चैतालीस विचारून ते पाठ करून घेतले. शेवटचे कलम बाईंचे. आपले नाव पुस्तकात यावे आणि ते बजरंगाच्या नावामागे नव्हे, स्वतंत्र यावे. मंजूर.

हार कोणास घालावा हा प्रश्न उरला. सरदार निघाला नव्हता. थोड्या मसलतीने तो वाटेत बारवेच्या वरच्या पायरीवर ठेविला, नारळ एक तेथे आणि एक चतुराबाईंकडे, आणि मखमल आसारामाने गाडीच्या आसनास घातली.

पाटोद्यास पोचले तो चार वाजले होते. चैतालीने नोंद बाळबोधीत उतरून काढिली. जेथे वडिलांनी ओळी तीन लिहिले होते तेथे तिने तीन खोडून चार केले आणि शेजारी आपली सही घातली. त्यांच्या हातचे काही तिने कधी खोडले नव्हते. पहिलीच वेळ.

मग नोंद करणाऱ्याच्या नावाचा रकाना आला. आबा सांगत होते, ती लिहीत होती, आणि आबांनी नेहमीप्रमाणे कैलासवासी असे सांगितले. चैतालीची लेखणी थांबली. "आबा, आमच्यात कालकथित लिहितात," ती म्हणाली. आबा म्हणाले, तर तेच लिही. तिने तो शब्द आजवर कोठे लिहिला नव्हता, वडील गेले तेव्हाची पत्रिका तिच्या भावाने छापून आणिली होती. तिने लिहिला, सबंध, संक्षेप न करता. मग आबांनी दुसरी खुर्ची ओढून घेण्याऐवजी टेबलामागची खुर्ची तिच्याकडे सरकविली, कारण उभ्याने लिहिता अक्षर बिघडत होते, आणि ती बसली.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. हत्यार हाती लागले नाही. जखमी एक, मांजरीकडून. कागद खर्ची पडले दोन, हळद अर्धी वाटी, भरपाई मागितली नाही. सोमवारी सूची छापखान्यात गेली. तीत दोनशे अकरा वस्तूंपुढे ठिकाण म्हणून मंडळाची खोली व कपाटाचा क्रमांक आहे, आणि दोनशे बाराव्या नोंदीपुढे पुढील मजकूर आहे, तो जसाच्या तसा येथे उतरून ठेविला असे:

पाटा, दगडी, एक. बारव बांधल्याचा लेख, ओळी चार. नोंद करणार कालकथित कचरू मास्तर, छाप घेणार चैताली. ठिकाण, चतुराबाईंचे स्वयंपाकघर, तांबडवाडी. पाहावयाचे असल्यास सकाळी दहानंतर यावे, तोवर वाटण चालू असते.